कोठ्यातली खंडेनवमी

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली, वावरावावरात गंजी लागल्या आणि थ्रेशर घुमायला लागलं की आमचं गाव सैल होतं. चार महिने आभाळाकडे बघून आखडलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. दाणे निघाल्यावर उरलेलं कुटार उडतं, त्याची धूळ गावावर येते, तारेवरच्या धुतल्या कपड्यांवर बसते, चहाच्या कपात उतरते. अंगाला खाज सुटते, पण त्या खाजेबद्दल कुणी कुरकुर करत नाही. पीक घरात येतंय, त्याची खाज ती.

माझ्या गॅरेजातही ती धूळ येते. बेअरिंग, गिअर, पिस्टन, जे उघडं असेल त्यावर बसते आणि तेलात कालवून घट्ट होते. मग मी डिझेलात चिंधी बुडवून एकेक भाग पुसत बसतो. सहा वर्षं हे दिवस आले की पुसता पुसता मला माझंच एक वाक्य ऐकू येतं. तीन शब्दांचं. याच जागेत, याच दिवसांत मी ते बोललो होतो. एरवी वर्षभर ते कुठंतरी तळाशी पडून असतं. कुटाराचा वास आला की वर येतं. यंदा त्याचं काय झालं ते सांगायचं आहे, पण त्याआधी ही जागा सांगायला हवी.

ही जागा म्हणजे आमचा कोठा. आमच्याकडे गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. मोताळ्यापासून थोडं आत आमचं गाव, गावाच्या तोंडाशीच घर आणि घराला लागून हा लांबोळा कोठा. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलूंचं छप्पर. एका अंगाला गव्हाण, समोर ओळीनं खुंटे, कोपऱ्यात कुटाराचा ढीग. माझ्या लहानपणी चार बैल, दोन गाई आणि एक मारकी म्हैस होती. हिवाळ्यात घरापेक्षा कोठ्यात ऊब जास्त असायची. शाळेतून आलो की मी कुटारात पाय खुपसून अभ्यास करायचो. जनावरांचं रवंथ करणं, शेपटीचा फटकारा, मध्येच एखाद्या बैलाचा लांब सुस्कारा, या आवाजांत मी पाढे पाठ केले.

मग ट्रॅक्टर आला. बैल एकेक करून बाजारात गेले. शेवटची गाय बाबांनी विकली नाही. ती म्हातारी होऊन दावणीलाच मेली. त्यानंतर दोन-तीन वर्षं कोठा रिकामा होता. मोडकी बाज, फाटके ताडपत्रीचे तुकडे आणि उंदीर. बाबा तरी सवयीनं सकाळी तिकडं एक चक्कर मारून यायचे.

मी तेव्हा शहरात एका कारखान्यात होतो. तिथं माणसं कमी केली, त्यांत मीही कमी झालो. बायकोला घेऊन गावी परत आलो, तेव्हा हातात एवढंच होतं की आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकलो होतो. आणि शिकलो होतो म्हणण्यापेक्षा, सुगतच्या शेजारी बसलो होतो.

सुगत माझ्याच गावचा, बुद्धविहाराच्या पलीकडच्या आळीतला. पहिलीपासून आयटीआयपर्यंत एका वर्गात. इंजिन चालू असताना तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, "दोन नंबरचा व्हॉल्व्ह." खोलून पाहिलं की दोन नंबरचाच असायचा. माझ्याबद्दल त्याचं ठरलेलं मत होतं. "गजू, तुह्या हातात जोर आहे, पण कान नाही." आयटीआयनंतर तो मलकापूरच्या एका गॅरेजात दहा-अकरा वर्षं राबला. मी परत आलो त्याच उन्हाळ्यात तोही ते सोडून गावात आला होता, कारण त्याची माय थकली होती.

रिकाम्या कोठ्याच्या दारात उभं राहून आम्ही ठरवलं. जागा माझी, वेल्डिंग मशीन आणि बरीचशी हत्यारं त्याची, काम दोघांचं. "अर्धं अर्धं," मी म्हणालो. "हाव," तो म्हणाला. कागद केला नाही. मित्रांत कागद कशाला, असं मीच म्हणालो होतो.

तो सगळा पावसाळा आम्ही कोठ्यात घालवला. आधी खुंटे उपटले. मग गव्हाण फोडली. कवेलू उतरवून पत्रे चढवले, त्या दिवशी पाऊस असा आला की दोघंही एकाच ताडपत्रीखाली उकिडवे बसलो आणि उघड्या कोठ्यात पाणी भरताना बघत राहिलो. जीप-पिकअपखाली उतरून काम करायला खड्डा हवा होता. तो खणताना हातभर खोलपर्यंत काळी, चिकट माती निघाली. कितीतरी वर्षांचं गोमूत्र मुरलेली. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी नाकाला रुमाल बांधला. सुगतनं मूठभर माती उचलून बोटांत चुरली आणि म्हणाला, "सोनं आहे बे हे. फेकू नको, वावरात टाक."

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. भिंतीतल्या कोनाड्यात, जाळ्याजळमटांमागे, एक कप होता. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. सुगतची माय चंद्रभागाबाई आमच्या कोठ्यातलं शेण काढायची, तेव्हा तिला चहा त्या कपात मिळायचा. माझी आई वरून ओतायची, ती खालून धरायची, पिऊन धुवून परत कोनाड्यात ठेवायची. कोठा रिकामा करायला लागलो त्या पहिल्या सकाळी सुगत यायच्या आधी मला तो दिसला. मी तो उकिरड्यावर नेऊन पुरला. तेव्हा वाटलं, चांगलं केलं, त्याला वाईट वाटलं असतं. आता वाटतं, त्याला काय वाटेल याची मला पर्वा नव्हती. तो कप बघून त्यानं माझ्याकडे बघितलं असतं, ते मला नको होतं.

आणखी एक. चंद्रभागाबाई माझ्या आईपेक्षा वयानं मोठी. सहा-सात वर्षांचा मी तिला 'चंद्रभागे' म्हणून हाक मारायचो. "चंद्रभागे, बैलानं शेण टाकलं!" ती "हाव गजूभाऊ" म्हणायची. मी अर्ध्या चड्डीतला पोरगा, आणि ती मला भाऊ म्हणायची. त्यासाठी घरातल्या कुणीही कधी माझ्या तोंडात मारली नाही.

खाली सिमेंटचा कोबा करायचा ठरला. गवंडी सोंगणीच्या आधी मिळेना, म्हणून सुगतनंच थापी हातात घेतली. तो गुडघ्यांवर बसून मागं मागं सरकत घोटत होता, मी माल कालवून देत होतो. अर्धा कोठा झाल्यावर तो सहज बोलावं तसा बोलला.

"माही माय इथं शेण काढे. मी लहान असतानी त्या दारात बसो. आत येऊ देत नोते."

मी घमेलं हातात धरून उभा राहिलो.

"आता आतून घोटून राह्यलो," तो म्हणाला आणि हसला. कडवट नव्हतं ते हसणं. खरंच मजा वाटल्यासारखं होतं. मीही हसलो, पण माझं हसू थोडं उशिरा आलं.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते आज नीट सांगता येतं. मला त्याचा अभिमान वाटला होता. आणि त्याच क्षणी एक बारीकशी भीतीही वाटली होती, की हे वाक्य आमच्या भावकीतल्या कुणाच्या कानावर पडलं तर.

भावकी म्हटलं की माझ्यापुरते मोठेबाबा. बाबांचे थोरले भाऊ. पांढरं धोतर, हातात वेताची काठी, घर आमच्या घराला लागूनच. वाटण्या कधीच्या झाल्या, पण आमच्या घरातली जावळं, लग्नं, विहिरीचं पाणी, सगळं त्यांना विचारून चालायचं. ते कधी ओरडले नाहीत. फक्त विचारायचे. त्यांच्या विचारण्यालाच आम्ही घाबरायचो. बाबा तर त्यांच्यासमोर पन्नाशीनंतरही खाली बघून बोलायचे.

घटस्थापनेच्या सुमारास पेंटर बोर्ड रंगवायला आला. अंगणात पत्रा आडवा टाकून त्यानं पांढरा हात मारला आणि विचारलं, "नाव काय टाकू?" आमचं दोघांचं नाव टाकायचं ठरलं होतं. सुगत सामान आणायला मलकापूरला गेलेला. बाबा ओट्यावर होते. मोठेबाबा त्यांच्या दारात तखतावर बसले होते. दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, इकडं बघितलंसुद्धा नाही. मी पेंटरला एकट्याचं नाव सांगितलं.

संध्याकाळी सुगत आला. मी म्हणालो, "पत्रा लहान पडला बे. पुढच्या वेळी मोठा करू."

त्यानं बोर्डाकडे बघितलं. माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना वीत वीत जागा मोकळी होती.

"बरं," तो म्हणाला.

आणि मग खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कुदळी, सुतार त्याची करवत. गॅरेज सुरू करायला याहून चांगला दिवस नव्हता. सोंगणी भरात होती, पहिलंच ट्रॅक्टर दुरुस्तीला आलं होतं, कोब्याचा ओला-थंड वास येत होता. सुगत सकाळीच आला. "पूजा तू कर, ते माह्यं नाही," तो म्हणाला, "पण पाने म्या पुसून ठेवतो." त्यानं प्रत्येक पाना डिझेलनं धुतला, पुसला आणि गोणपाटावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडला. ती ओळ इतकी सरळ होती की हळद-कुंकू टाकायला माझा हात धजेना. मग तो आपला ट्रॅक्टरपाशी जाऊन कामाला लागला.

भावकीतले आठ-दहा जण आले. नारळ फुटला. मोठेबाबांनी काठीनं कोबा ठोकून बघितला, खड्ड्यात डोकावले, पत्र्याकडे बघितलं.

"काम पक्कं झालं," ते म्हणाले. मग त्यांची नजर ट्रॅक्टरकडे गेली. "हा चंद्रभागेचा ना? हा इथं काय करून राह्यला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे म्हणजे आठ-दहाच माणसं, त्यांतही चारजण खोबऱ्याचा तुकडा चावत होते. मी म्हणालो,

"कामाले ठेवलं त्याले."

मोठेबाबा "बरं केलं" म्हणाले आणि प्रसाद घेऊन गेले.

सुगत माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होता. त्याच्या हातातल्या रॅचेट पान्याचा कट् कट् आवाज चालू होता, तो थांबला. मोजून दोन श्वास. मग परत सुरू झाला. मी तिकडं बघितलं नाही. त्यानं ते ट्रॅक्टर पूर्ण केलं, चालू करून दिलं, मालकाला दोन सूचना केल्या. मग गोणपाटापाशी आला. आपले पाने तेवढे उचलले, एकेकावरचं कुंकू चिंधीनं पुसलं आणि पेटीत ठेवले. दोघांनी मिळून घेतलेली हत्यारं तशीच ठेवली, त्या सरळ ओळीत आता मध्ये मध्ये फटी दिसत होत्या.

"येतो," तो म्हणाला.

"उद्या लवकर ये," मी म्हणालो. तो येणार नाही हे मला माहीत होतं, तरी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एक ऑटो आला आणि वेल्डिंग मशीन घेऊन गेला. तो स्वतः बरोबर नव्हता.

इथं थांबलो तर मी स्वतःला वाचवतोय असं होईल. त्याच्या मागं का गेलो नाही, हे लिहायला हवं. त्याची आळी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी गेलो नाही, कारण ऑटो वळणाआड गेला तेव्हा मला हलकं वाटलं. आता कुणी विचारणार नाही, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, जेवायच्या वेळी त्याला घरात कुठं बसवायचं हा प्रश्न येणार नाही. इतक्या वर्षांचा तो सोबती गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वाक्य तोंडातून गेलं, ते घाबरून गेलं असं तरी म्हणता येईल. त्या हलकेपणाला तसंही म्हणता येत नाही.

गिऱ्हाइकं विचारायची, "सुगत दिसत नाही?" मी सांगायचो, "त्याले फाट्यावर सोताचं टाकायचं होतं." काही महिन्यांनी त्यानं मोताळा रस्त्याच्या फाट्यावर खरंच पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा माझं खोटं आपोआप खरं झालं. बाबांनी एकदाच विचारलं. त्यांनाही तेच उत्तर दिलं. ते वावरात निघून गेले.

फाटा टाळून गावाबाहेर पडता येत नाही. बसनं जा, गाडीनं जा, तो डाव्या हाताला दिसतोच. कधी ट्रॅक्टरच्या पोटाखाली, कधी स्टुलावर चहा पीत. मी मोबाइल बघायचो. मोटारसायकलवर असलो की रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे फार बारकाईनं लक्ष द्यायचो. एकदा मोताळ्याच्या बाजारात मिरच्या घेताना मागून हाक आली, "गजूभाऊ, बरा आहेस ना बापा? बाईचे गुडघे कसे आहेत?" चंद्रभागाबाई. तिनं माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, पोरांची केली, पावसाबद्दल बोलली. सुगतबद्दल एक शब्द काढला नाही. मी तिला 'मावशी' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. तिला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती पुढं गेली होती.

माझं गॅरेज चालतं, चालत नाही असं नाही. क्लच प्लेटा, ब्रेक, सर्व्हिसिंग मी नीट करतो. पण इंजिनाचं अवघड काही आलं की गिऱ्हाईक घुटमळतं, "पाहून घ्या, नाहीतं फाट्यावर नेतो" म्हणतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की कधीकधी कोब्यातून वर अजूनही तो जुना गोमूत्राचा वास येतो. बायकोला येत नाही, बाबांनाही येत नाही म्हणे. मला येतो.

यंदा सोयाबीन लवकर पिकलं. आमची सोंगणी झाली, वावरात गंजी लागली, आणि नवमीच्या तीन दिवस आधी थ्रेशर लावलं. थ्रेशर आमच्याच ट्रॅक्टरवर. दहा-बारा मिनिटं झकास चाललं आणि ट्रॅक्टर धापा टाकून बंद पडलं. थोड्या वेळानं सुरू केलं, पुन्हा तेच. मी डिझेल फिल्टर बदलला. लाइनमधली हवा काढली. नोझल खोलून बघितले. दुपार झाली. अजिंठ्याच्या डोंगराकडून ढग वर आले, काळे, बुडाशी तांबूस. गंजीवर टाकायला पुरेशी ताडपत्री नव्हती. मजूर बाया विळे घेऊन बांधावर बसल्या होत्या. बाबा आभाळाकडे बघत होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मग ते म्हणाले, "सुगतले बोलाव."

मी मोटारसायकल काढली. फाट्यावर पोचेपर्यंत मनात कितीतरी वाक्यं जुळवली. तो एका जीपच्या बॉनेटमध्ये वाकलेला होता. मला बघून सरळ झाला. मी वाक्यं विसरलो आणि नुसतं ट्रॅक्टरचं सांगितलं.

"बंद पडल्यावर किती येळानं चालू होते?" त्यानं विचारलं.

"दहा मिनिटं थांबलं की होते."

"लगेच मारलं तं?"

"नाही होत."

त्यानं हात पुसले. पेटी घेऊन स्वतःच्या गाडीवर बसला. वावरात आल्यावर बाबांना "राम राम काका" केला, इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही, थेट म्हणाला, "टाकी खोल."

टाकीच्या तळातून त्यानं तारेच्या आकड्यानं एक पातळ चकती बाहेर काढली. ऑइलच्या कॅनच्या झाकणाखाली असते ती. डिझेल ओढलं जायला लागलं की ती नळीच्या तोंडावर जाऊन बसायची. इंजिन बंद झालं की थोड्या वेळानं सुटून बाजूला सरकायची. पावसाळ्यात टाकी मीच धुतली होती. तेव्हा पडली असणार. सुगतनं ती माझ्या तळहातावर ठेवली. थ्रेशर सुरू झालं ते पाऊस येईपर्यंत थांबलं नाही, आणि पाऊसही शेवटची पोती झाकल्यावर आला.

त्याआधी, विहिरीच्या थारोळ्याशी तो हात धूत असताना, मी त्याच्या हातांवर पाणी ओतत होतो. तिथं बोललो.

"सुगत, म्या चुकलो. माफ कर."

"कधी चुकला?"

"त्या खंडेनवमीले."

"काय चुकलं?"

त्याला माहीत होतं. पण त्याला ते माझ्याकडून काढून घ्यायचं होतं, आणि तो त्याचा हक्क होता. मी ते तीन शब्द पुन्हा उच्चारले. थ्रेशरच्या आवाजात ते फार बारीक वाटले.

तो साबण चोळत राहिला. मग म्हणाला, "गजू, म्या काही तुही वाट पाहून नाही राह्यलो होतो. माह्यं बरं चालू आहे. पण एक सांग, माफी मले काऊन मागतं? म्या कोण होतो हे मले तं माहीतच होतं. ज्यायले खोटं सांगतलं, त्यायले सांग."

"सांगतो."

"आन बोर्डावर नाव-गिव लिहू नको आता. माह्या दुकानाले बोर्ड आहे."

त्यानं त्याची ठरलेली मजुरी घेतली, पेटी गाडीला बांधली आणि गेला.

तीन दिवसांनी खंडेनवमी आली. मी पाने पुसून मांडले. माझी ओळ कधीच सरळ येत नाही. भावकी आली. सहा वर्षांपूर्वीच्या माणसांपैकी दोघं आता नाहीत, त्यांना सांगायचं राहूनच गेलं. मोठेबाबा आले, त्यांना खुर्ची दिली. ऐंशी ओलांडली, आता कानांनी कमी ऐकू येतं. नारळ बाबांच्या हातात होता. मी म्हणालो, "थांबा, मले काही सांगायचं आहे."

"मोठेबाबा, त्या वर्षी तुम्ही विचारलं होतं, सुगत इथं काय करून राह्यला. म्या खोटं सांगतलं. तो कामाले नव्हता. हे गॅरेज आमचं दोघांचं होतं."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतं?"

मी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं नाही. तिसऱ्यांदा मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, "सुगत कामाले नव्हता! भागीदार होता! अर्धं त्याचं होतं!" समोरच्या अंगणात सोयाबीन पाखडणाऱ्या बाईचं सूप थांबलं. रस्त्यानं जाणारे दोघं उभे राहिले. बाबा हातातल्या नारळाची शेंडी बोटांनी सोलत होते.

मोठेबाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं बे?"

सहा वर्षं माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. तुमच्या भीतीनं, असं ते उत्तर होतं. पण त्यांच्याकडे बघताना लक्षात आलं, ते कधी काही म्हणालेच नव्हते. बोर्डाच्या वेळी नाही, त्या नवमीलाही नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं. खरं सांगितलं असतं तर ते चिडलेही असते, कदाचित. या घरातली माणसं मला माहीत आहेत, मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. पण ती पाळी मी त्यांच्यावर येऊच दिली नाही. त्यांचं काम मीच आधी उरकून टाकलं.

"लाज वाटली," मी म्हणालो.

"आं?"

"लाज वाटली!"

"कायची लाज?"

लांबून कुणाच्यातरी वावरातलं थ्रेशर ऐकू येत होतं. आता ओरडायला माझ्यात जोर उरला नव्हता. मी मान खाली घालून, स्वतःशी बोलावं एवढ्या आवाजात म्हणालो, "त्याच्या बरोबरीनं बसायची."

मोठेबाबांचा कानामागचा हात हळूहळू खाली आला. हे त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.